न लावलेला लाल बावटा



खानदेशातल्या माणसाने बंदरांवर लिहिणं म्हणजे कोकणातल्या माणसाने भरताच्या वांग्यांवर लिहिण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. आमच्याकडे समुद्र नाही. तापी आहे, पण ती आमची गावं ओलांडून सुरतेपलीकडे जाऊन समुद्राला मिळते, आणि आम्ही समुद्र पाहायला मुंबईला जातो. तरीही या शनिवार-रविवारचा लेख बंदरांवर आहे, आणि त्याला कारण ठरला एक कंटेनर.

गेल्या आठवड्यात जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याच्या आसपास रस्त्याचं काम चालू होतं, आणि मी बराच वेळ एका कंटेनरच्या मागे अडकलो. थंडीचं मशीन घरघरत होतं, म्हणजे आत बहुधा केळी असावीत. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्याचं दार वाचत बसलो. चार अक्षरं, सात आकडे, आणि कडीला एक जाडजूड सील. मनात आलं, हा डबा उद्या-परवा न्हावा-शेव्याला पोचेल. तिथल्या माणसाला आत काय आहे हे कसं कळणार? तो काही प्रत्येक डबा उघडून बघत नाही. इथे खानदेशात कुणीतरी लिहिलेल्या माहितीवर त्याला विश्वास ठेवावा लागतो.

म्हणजे बंदराची सुरक्षा बंदराच्या फाटकावर सुरूच होत नाही. जिथे माल भरला जातो तिथे ती सुरू होते. आणि ही माहिती वेळेवर योग्य माणसाकडे पोचली नाही तर काय होतं, याचं आपल्याकडचं सगळ्यात भयानक उदाहरण मुंबईत घडलंय. पण आधी थोडं कापसाबद्दल.

गाठ बोलते

खानदेशचा बंदरांशी संबंध जुना आहे. सतराव्या शतकात धरणगावला इंग्रजांची वखार होती आणि इथलं कापड सुरतेच्या बंदरात जायचं. पुढे रेल्वे आली आणि आमचं बंदर सुरतेऐवजी मुंबई झालं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची आठवण झाली. जळगाव मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपाला आलं ते याच तेजीत. (तेजी संपली तेव्हा जळगावने मारही तेवढाच खाल्ला. शेअर बाजारवाल्यांनी वाचून ठेवावं असं प्रकरण आहे, पण ते पुन्हा कधीतरी.)

भाव वाढले की भेसळ आलीच. रुईत सरकी, माती, पाणी... वजन वाढवायला जे सुचेल ते. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातली फसवणूक थांबवायला खास कायदा केला. पण माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला खरा आवडतो तो १९२५ चा जिनिंग-प्रेसिंगचा कायदा. त्याने असं ठरवलं की प्रत्येक प्रेसला एक ठरलेली खूण मिळेल, आणि प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर ती खूण आणि अनुक्रमांक टाकावाच लागेल. म्हणजे गाठ मुंबईला उघडली, लँकेशायरला उघडली किंवा जपानात उघडली, तरी आत दगड निघाला तर तो कुठल्या प्रेसमध्ये शिरला हे शोधता येईल. संगणक नाही, नेटवर्क नाही. काळी शाई, पत्र्याचा ठसा आणि एक वही.

माझे मामा आयुष्यभर एका प्रेसमध्ये हिशेब लिहायचे. लहानपणी सुट्टीत मी तिथे जायचो. गाठ बाहेर आली की तिच्यावर ठसा मारायचे आणि मामा वहीत आकडा लिहायचे. एकदा मी विचारलं, "मामा, सगळ्या गाठी सारख्याच तर दिसतात, मग आकडा कशाला?" मामा म्हणाले, "गाठ बोलते भो. वाचणारा पाहिजे."

हे वाक्य तेव्हा डोक्यावरून गेलं. ते खऱ्या अर्थाने कळलं फोर्ट स्टिकीनबद्दल वाचताना.

१४ एप्रिल १९४४

एस. एस. फोर्ट स्टिकीन हे कॅनडात १९४२ मध्ये बांधलेलं, साधारण सात हजार टनी मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघालं. दुसरं महायुद्ध चालू होतं. जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं होती, आणि लोखंडी पेटीत सोन्याच्या १२४ विटा होत्या.

आधी ते कराचीला आलं. तिथे थोडा माल उतरला, जागा रिकामी झाली. युद्धकाळात जहाजावरची रिकामी जागा म्हणजे गुन्हाच. मग त्यात भरला गेला कापूस, सुमारे ८७०० गाठी. शिवाय वंगणतेलाची पिंपं, लाकूड, गंधक, भंगार लोखंड आणि माशांचं खत. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ या भरतीवर खूश नव्हता, पण इलाज नव्हता. दोन नंबरच्या होल्डमध्ये (म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या कप्प्यात) तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं, अशी रचना झाली.

कापसाच्या धंद्यातला कुठलाही माणूस हे ऐकून कपाळावर हात मारेल. दाबलेल्या गाठीला आग लागली की ती लवकर दिसत नाही, आतल्या आत धुमसते. वरून विझली असं वाटतं आणि दोन दिवसांनी पुन्हा धूर येतो. जिनिंगच्या आवारात विडी ओढणाऱ्याला मामा कसे ओरडायचे ते मी पाहिलंय.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. शांततेच्या काळात स्फोटकं वाहणाऱ्या जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. तो बावटा दिसला की गोदीतला अडाणी हमालसुद्धा समजायचा, इथे जपून. फोर्ट स्टिकीनवर लाल बावटा नव्हता. युद्धात जवळजवळ प्रत्येक जहाजावर दारूगोळा असायचा, आणि आपलं कुठलं जहाज स्फोटकांनी भरलंय हे शत्रूच्या हेराला आपणहून कशाला सांगायचं?

१४ तारखेला, शुक्रवारी, जेवणाची सुट्टी झाली. शेजारच्या जहाजांवरच्या काही लोकांना फोर्ट स्टिकीनमधून थोडा धूर येताना दिसला होता. पण ते जहाज त्यांचं नव्हतं, आणि त्यात काय आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दुपारी दीडच्या पुढे गोदी कामगार परत कामावर आले तेव्हा दोन नंबरच्या होल्डमधून धूर येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. आग कशाने लागली? बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगरेटने. घातपात नव्हता.

बंब आले. पाणी सुरू झालं. दुपारी अडीच-पावणेतीनच्या सुमारास लष्कराच्या दारूगोळा विभागाचा अधिकारी पोचला. आत काय आहे आणि कुठे आहे हे नीट समजणारा तो माणूस होता. त्याने सांगितलं की हे जहाज उडालं तर गोदीही उडेल. आता ठरवायचं होतं. एकाचं म्हणणं, जहाज ओढून समुद्रात न्या. दुसऱ्याचं, जागच्या जागी बुडवा. तिसऱ्याचं, पाणी मारत राहा, आग आटोक्यात येईल. धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे होते, लष्कराचे होते. प्रत्येकाकडे चित्राचा एक तुकडा होता. सगळे तुकडे जोडून "आता हेच करायचं" असं सांगण्याचा अधिकार मात्र कुणाकडेच नव्हता.

मग जे चालू होतं तेच चालू राहिलं. सुमारे ९०० टन पाणी होल्डमध्ये ओतलं गेलं. आणि कापूस तरंगतो! पाणी चढत गेलं तसा जळता कापूस वर वर सरकत गेला, थेट स्फोटकांच्या दिशेने. आग विझवणारे हात आग उचलून दारूगोळ्याजवळ नेत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत चार नंबरच्या होल्डचा दुसरा. पार सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. जळत्या कापसाच्या गाठी आकाशातून वखारींवर, वस्त्यांवर आणि दुसऱ्या जहाजांवर पडल्या. डझनभर जहाजं गेली. हजारो लोक बेघर झाले. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली आणि त्यांनी ती परत केली. मेलेल्यांचा अधिकृत आकडा सातशेच्या पुढे आहे, बरेच अंदाज तेराशेपर्यंत जातात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. कप्तान नेस्मिथही गेला.

दर १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच ६६ जणांसाठी. जळगाव-धुळ्यातही त्या दिवशी अग्निशमन केंद्रावर मानवंदना होते. त्याच दिवशी आंबेडकर जयंती असते, सगळं गाव मिरवणुकीत असतं, त्यामुळे तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. यंदा जमलं तर डोकावून या.

लपवलं कुणापासून?

आता लाल बावट्याकडे परत येऊ. बावटा न लावण्याचं कारण मूर्खपणाचं नव्हतं, हे आधी कबूल करायला हवं. शत्रूपासून लपवणं ही युद्धातली गरजच होती. पण ज्या गोष्टीने शत्रूला कळलं नसतं, त्याच गोष्टीने शेजारच्या जहाजावर धूर बघणाऱ्या माणसालाही कळलं नाही. माहिती झाकताना ती नक्की कुणापासून झाकायची आणि कुणाला द्यायचीच, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९४४ मध्ये फक्त पहिल्याचं उत्तर दिलं गेलं.

आणि पुढचा भाग तर आणखी कमाल. स्फोटानंतर सरकारने बातमीवर बंदी घातली. पण दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने ती सविस्तर सांगून टाकली! आपल्या वर्तमानपत्रांना छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं त्याला एका दिवसात कळलं, आणि ज्यांची माणसं मेली ते महिनाभर अफवांवर जगले.

आमच्या धंद्यात नेमकी हीच चूक रोज होते. "सिक्युरिटी" म्हटलं की पहिला विचार येतो तो कुलपाचा. कुणाकुणाला दिसू नये याची भली मोठी यादी होते. कुणाला दिसलंच पाहिजे, किती वेळात दिसलं पाहिजे, आणि दिसल्यावर निर्णय कुणी घ्यायचा, ही यादी कुणी करतच नाही.

समुद्राकडचं दार

जहाजाच्या पोटातला धोका हा एक प्रकार. दुसरा धोका बंदराला वळसा घालून येतो. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, आणि १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. इथे माहिती नव्हती असं म्हणता येत नाही. पुढे कस्टम्स आणि पोलिसातल्या काही जणांना शिक्षा झाल्या, कारण ज्यांनी बघायचं त्यांनी पैसे घेऊन डोळे मिटले होते. हे मुद्दाम लिहितोय. कुठलंही तंत्रज्ञान विकल्या गेलेल्या माणसावरचा उपाय नाही. फार तर एवढंच करता येतं की एकाच माणसाच्या डोळ्यांवर सगळं अवलंबून ठेवायचं नाही.

त्यानंतर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि राज्याची यंत्रणा यांची संयुक्त गस्त सुरू झाली. तरी २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण आलेच. त्यांनी भर समुद्रात कुबेर ही पोरबंदरची मासेमारी नौका ताब्यात घेतली, आणि शेवटी रबरी बोटीतून मुंबईच्या मच्छीमार नगरपाशी उतरले. कुबेर दिसायला शेकडो इतर नौकांसारखीच होती. तिच्यात कोण आहे, ती इथे का आहे, हे विचारायला कुणाकडे यादीच नव्हती. समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे आधी आले होते, पण ते कागद वेगवेगळ्या टेबलांवर होते. आणि उतरणाऱ्या अनोळखी पोरांना सगळ्यात आधी पाहिलं ते कोळीवाड्यातल्या लोकांनी. १९४४ ला शेजारच्या जहाजावरून धूर दिसला होता, तसंच. पाहणारा होता, पण त्याच्यापासून निर्णय घेणाऱ्यापर्यंत जाणारी वाट नव्हती.

त्यानंतर जे उभं राहिलं ते खरोखर मोठं आहे. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. किनाऱ्यावर आणि बेटांवर पहिल्या टप्प्यात ४६ रडार केंद्रं झाली. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, नौकांना राज्याप्रमाणे रंग ठरले. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतंच. जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा ते रेडिओवरून सतत सांगत राहतं. रडार आणि एआयएस यांची सगळी माहिती एका पडद्यावर यावी म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ केंद्रं जोडणारं केंद्र सुरू झालं. २०१८ मध्ये त्याच्या जोडीला मित्रदेशांशी जहाजांची माहिती वाटून घेणारं दुसरं केंद्र आलं. ही दोन्ही केंद्रं आहेत कुठे? गुरुग्रामला! तिथे तर तापीसुद्धा नाही. त्यामुळे खानदेशातून बंदरांवर लिहायचा माझा हक्क आता कुणी नाकारू नये :-)

गंमत सोडा, पण यात एक मेख आहे. एआयएस म्हणजे जहाजाने स्वतःबद्दल स्वतः सांगितलेली गोष्ट. ते बंद करता येतं, खोटंही सांगता येतं. म्हणून रडार हवं. रडारला ठिपका दिसतो आणि एआयएसला नाव. ज्या ठिपक्याला नाव नाही, त्याच्याकडे बघायचं. एकट्या कुठल्याच यंत्राला सत्य कळत नाही, दोन साक्षी जुळवाव्या लागतात.

आणि लहान नौका? एआयएसची सक्ती २० मीटरपेक्षा लांब नौकांना होती, त्याहून लहान हजारो नौका तशाच फिरत राहिल्या. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. मला तिच्यातली आवडलेली गोष्ट ही की ते यंत्र नुसती पाळत ठेवत नाही. वादळाचा इशारा मच्छीमारापर्यंत पोचतो आणि संकटात त्यालाही किनाऱ्याला हाक मारता येते. माहिती देणाऱ्याला बदल्यात काही मिळालं तरच तो ती मनापासून देतो. नुसता धाक असला की यंत्र "बिघडतं", हे कुणाही शेतकऱ्याला विजेच्या मीटरवरून माहीत आहे.

शाईच्या ठशापासून सीलपर्यंत

आता पुन्हा पारोळ्याच्या त्या कंटेनरकडे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी त्या मानांकनाच्या नावाने दुबईला गेली. अशी केळी साधारण १३ अंशाला ठेवावी लागतात. बंदरावर कुणी तपासणीसाठी डबा उघडून ताटकळत ठेवला की माल गेलाच. म्हणजे इथे सुरक्षा आणि शेतकऱ्याचा पैसा ही एकाच दाराची दोन कड्या-कोयंडे आहेत.

यावर २०१७ मध्ये आलेला उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक सील. निर्यातदार माल भरतो, स्वतः सील लावतो आणि सीलचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, कागदपत्रांचे आकडे असं सगळं आधीच कळवतो. सीलमध्ये आरएफआयडीची चिप असते. बंदरावर रीडर तिला वाचतो. सील शाबूत आहे आणि कळवलेली माहिती जुळतेय, तर डबा सहसा पुढे जातो. तुटलंय किंवा जुळत नाही, तर बाजूला. त्याच्या आधी, २०१६ च्या जुलैपासून, न्हावा-शेव्याला कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून त्याचा प्रवास नोंदवायचं काम सुरू झालं होतं. डबा कुठे निघाला, कुठे थांबला, हे ज्याचा माल आहे त्यालाही बघता येतं.

यात नवीन काय आहे? तंत्र नवीन, कल्पना मामांच्या वहीतली. माल जिथे भरला तिथे त्याच्यावर खूण करा, क्रमांक द्या, आणि तो क्रमांक वाचणारा दुसऱ्या टोकाला बसवा. गाठ बोलते, वाचणारा पाहिजे.

पण सगळ्यांनी सगळ्यांशी जोडलं की झालं, असंही नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा संगणकी हल्ला झाला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि थोड्या तासांत मर्स्क या अवाढव्य जहाज कंपनीचे जगभरातले संगणक आडवे. न्हावा-शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. कुठे युक्रेन, कुठे उरण! कंपनीच्या नेटवर्कची मुख्य यादी ज्या संगणकांवर होती ते जगभरातले सगळे पुसले गेले, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथली लाईट गेल्यामुळे बंद होता. भारनियमनाचा असा फायदा आम्हा खानदेशवाल्यांनाही कधी झाला नाही! त्या एका संगणकावरून सगळं पुन्हा उभं केलं गेलं. ज्या वाटेने माहिती धावते त्याच वाटेने रोगही धावतो, म्हणून मध्ये दारं हवीत, आणि एक वही वेगळ्या कपाटात हवी.

माझा बावटा

सुरुवातीला म्हटलं नाही, पण त्या सीलकडे मी उगाच बघत नव्हतो.

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही परदेशातल्या एका माल-वाहतूक कंपनीसाठी सॉफ्टवेअर केलं. (नाव नको.) माल नोंदवायच्या पानावर "मालाचा प्रकार" अशी एक यादी होती. बावीस-तेवीस पर्याय. कारकुनांची तक्रार आली की रोज शेकडो नोंदी कराव्या लागतात, दरवेळी यादीतून निवडायला वेळ जातो. मी हुशारी केली. "सर्वसाधारण माल" हा पर्याय आधीच निवडलेला ठेवला. सगळे खूश. साहेबांनी कौतुकाची मेल टाकली.

काही महिन्यांनी रात्री फोन आला. तिकडच्या एका गोदामात पिंपं गळत होती, उग्र वास येत होता, आणि आत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टीममध्ये बघितलं. सर्वसाधारण माल. मूळ कागद शोधून सापडेपर्यंत दोन-अडीच तास गेले. तोपर्यंत तिथली माणसं बाहेर थंडीत उभी होती आणि आग विझवणारे आत जावं की नाही या विचारात. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. फोनवर मी शांतपणे तांत्रिक उत्तरं देत होतो. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते.

त्या रात्री मी फोर्ट स्टिकीनचं नावही ऐकलं नव्हतं. पुढे कधीतरी वाचलं आणि लाल बावट्यापाशी थांबलो. तो मीच उतरवला होता. कुठल्याही वाईट हेतूने नाही, कारकुनाचे चार सेकंद वाचावेत म्हणून.

४ ऑगस्ट २०२० ला बैरुतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेटचा साठा उडाला आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. तो साठा २०१४ पासून गोदामात पडून होता. कस्टम्सने त्याबद्दल पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली होती. माहिती लपवलेली नव्हती, नोंदवलेली होती, फाईलला लावलेली होती. निर्णय घेणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे त्यानंतर चेन्नईजवळ बरीच वर्षं पडून असलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट घाईघाईने हलवलं गेलं. म्हणजे आपल्यालाही ते माहीत होतंच. हलवायला मात्र बैरुत व्हावं लागलं.

म्हणून कुणी मला "नवीन सिस्टीम आणतोय, सगळी माहिती एका जागी असेल" असं उत्साहाने सांगितलं की मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, माल भरणारा माणूस खरं लिहील याची सोय काय? दुसरा, धूर बघणाऱ्या माणसाला ते वाचता येईल का? तिसरा, वाचल्यावर "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाला आहे? पहिल्या दोघांची उत्तरं आमच्यासारखे लोक देऊ शकतात. तिसऱ्याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नसतं, आणि तरीही ते विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर करू नये असं माझं मत झालंय.

ती यादी मी दुसऱ्याच दिवशी बदलली. आधीच निवडलेलं काही नाही, आणि प्रकार भरल्याशिवाय पान पुढे जात नाही. कारकुनांनी मला भरपूर शिव्या दिल्या असतील. मामांना हा सगळा किस्सा सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडे ठसा मारल्याशिवाय गाठ दाराबाहेर जात नव्हती. तुमच्या कॉम्प्युटरले हे आता समजलं काय?"

असो. लेख नेहमीप्रमाणे लांबला. पारोळ्यानंतर रस्ता मोकळा झाला, तो कंटेनर नाशिकच्या रस्त्याला लागला आणि मी धुळ्यात शिरलो. सील शाबूत होतं.